प्रमाण मेंदू

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११.२०

हिचा चष्मा, घड्याळ आणि कानातलं माझ्या रुमालात, मी बाहेर बाकावर, ही आत नळीत. भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो. कोणीतरी पाइप दुरुस्त करतंय असं वाटतं. हिच्या मेंदूचे फोटो काढत आहेत.

हिला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं स्वतःचंच सैन्य मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतं आणि निरोप अडखळत पोचतात. मी हे हिला वायरीचं उदाहरण देऊन समजावतो. हल्ली वायर म्हटलं की ती उठून जाते.

या आजारात आठवण आणि विचारांचा वेग यांचं काय होतं, यावर इथे संशोधन चालू आहे. संशोधिका तिशीची आहे, मला काका म्हणते. म्हणाली, तुलनेसाठी निरोगी माणसं लागतात, त्याच वयाची, तेवढीच शिकलेली. मिळता मिळत नाहीत.

तिचं वाक्य संपायच्या आत मी पेन मागितलं.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. प्रमाण वजन म्हणजे काय ते मला कोणी सांगू नये. ते मखमलीच्या खाचेत असतं. बाजारातली सगळी वजनं आणून त्याच्याशी ताडून बघायची. त्याला कशाशी ताडायचं नसतं.

११.४५

अर्ज भरला. नऊ पानं. दुसरं पान नुसतंच उलटलं, अक्षर बारीक होतं आणि माझा चष्मा घरी राहिला. निघताना हिने आठवण करून द्यायला हवी होती. निळ्या वहीत नोंद केली. क्र. ३४.

निळी वही वेगळी. त्यात फक्त हिचं विसरणं. तारीख, वेळ, तपशील. डॉक्टरांना कधीतरी उपयोग होईल.

संध्याकाळी ६

ही दुपारभर झोपली. उठल्यावर विचारलं, आत भीती वाटली का. म्हणाली, नाही हो, शांत होतं. पडल्या पडल्या आठवी ते दहावीचं बुधवारचं वेळापत्रक बसवलं.

एवढ्या ठोकाठोकीत शांत होतं म्हणते. क्र. ३५.

ही शाळेचं वेळापत्रक करायची. बेचाळीस वर्ग, अडुसष्ट शिक्षक, दोन प्रयोगशाळा, एक मैदान. एकोणीस वर्षं एकटीने केलं. दीड वर्षापूर्वी रजेवर गेली. आता शाळेच्या मोठ्या बाई परत बोलावतात. चोवीस तारखेपर्यंत होय किंवा नाही कळवा म्हणतात, नाहीतर दुसरी व्यक्ती नेमावी लागेल. मी हिला म्हटलं, घाई नको. संशोधनाचा निकाल लागू दे. विज्ञान काय म्हणतं ते बघू.

मग सांगितलं की मीपण संशोधनात आहे, निरोगी म्हणून. ही म्हणाली, त्यांना निरोगी माणूस हवाय हे नीट वाचलंत ना.

संकल्प: रोज पहाटे फिरायला जाणे. दुपारची झोप बंद. मेंदूला वंगण म्हणून बदाम.

बुधवार, ५ मार्च

पहाटे उठलो नाही. गजर हिने लावला नव्हता. क्र. ३६.

सूचनांचा कागद वाचला. चाचणीपूर्वी कोणत्याही प्रकारचा सराव करू नये. हे बरोबर आहे. पेशंट लोकांनी सराव केला तर आजाराचं खरं माप कसं मिळणार.

कॉम्प्युटरवर चाचणीचा नमुना सापडला. नऊ खुणा असतात. प्रत्येक खुणेला एक आकडा. वर तक्ता दिलेला असतो, त्यात बघून खालच्या खुणांचे आकडे भराभर बोलायचे. दीड मिनिटात किती होतात ते मोजतात. पहिल्यांदा ३१ झाले. चष्मा नसल्यामुळे. चष्मा कुठे आहे माहीत नाही.

तक्ता छापून बाथरूमच्या आरशावर चिकटवला. कंस म्हणजे चार. उलटा कंस म्हणजे सात. आडवी रेघ म्हणजे एक.

शुक्रवार, ७ मार्च

दाढी करताना ४१. गालाला कापलं.

संध्याकाळी मेव्हणी आली. ही तिची मोठी बहीण, तरी घरात शिरल्यापासून मेव्हणीच मोठी असल्यासारखी वागते. आरसा बघून आली आणि म्हणाली, भावोजी, ही कुठली पूजा मांडलीत. मी शास्त्रीय भाषेत सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे कॉपी.

मग विषय शाळेवर गेला. ताईने होय कळवलं का. मी म्हटलं, मेंदूचा प्रश्न आहे. म्हणाली, भावोजी, तिच्या पायाला मुंग्या येतात, डोक्याला नाही. फेब्रुवारीत तुमची लिफ्ट बंद होती तेव्हा पंधरा दिवस माझ्याकडे राहिली, माझ्या अख्ख्या दवाखान्याच्या ड्युट्या लावून दिल्या तिने. दोन नर्स एकमेकींशी बोलत नाहीत, त्यासुद्धा लक्षात ठेवून.

मेव्हणी फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूंचं तिला कळतं. स्नायू निराळे, मेंदू निराळा.

ही मान खाली घालून पेपरच्या कडेला चौकोन काढत होती. सहा आडवे, आठ उभे.

रविवार, ९ मार्च

संशोधिकेने घरच्या माणसासाठी फॉर्म दिला होता. पेशंट गेल्या तीन महिन्यांत किती वेळा विसरला, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवतं का, बोलताना धागा सुटतो का. पंधरा प्रश्न. दुसरा, तसाच फॉर्म पेशंटने स्वतः भरायचा. एकमेकांना दाखवायचे नाहीत.

बहुतेक लोक असे फॉर्म अंदाजाने भरतात. माझ्याकडे निळी वही आहे. सगळ्या प्रश्नांना ‘फार वेळा’वर खूण केली आणि सदतीस नोंदी स्वच्छ अक्षरात नकलून पुरवणी जोडली. वानगीदाखल:

क्र. १२. गॅसवर दूध उतू. मंद आच ठेवायची असते हे सांगून ठेवलेलं नव्हतं.
क्र. १७. माझा चष्मा कुठे ठेवला ते हिला सांगता आलं नाही.
क्र. १९. तोच प्रकार.
क्र. २०. किल्ली आत राहिली. कुलूपवाल्याला बोलवावं लागलं.
क्र. २३. चष्मा.
क्र. २६. विजेचं बिल भरायचं राहिलं. दिवसभर अंधार.

सर्वांत जास्त नोंदी फेब्रुवारीत. दहा तारखेपासून एकदम वाढल्या. आजार कसा पुढे सरकतो हे आलेखावर स्पष्ट दिसतं. आलेखही जोडला.

ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा फॉर्म भरत होती. पाच मिनिटांत संपवला. हिने मनावर घेतलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

६२. हिच्या हातात घड्याळ दिलं होतं. वेळ संपल्यावर म्हणाली, अहो, सराव करू नका म्हणून लिहिलंय ना. मी म्हटलं, याला सराव म्हणत नाहीत, ओळख करून घेणं म्हणतात. म्हणाली, आमच्याकडे मुलं पण असंच सांगतात.

तेवढ्यात पाणी हॉलपर्यंत आलं. आरशासमोरचा नळ चालू राहिला होता. नळ बंद करा असं हिने म्हणायला हवं होतं. क्र. ३८. पुरवणी पाठवून झाली होती, नाहीतर घातली असती.

पाणी मी पुसलं. हिला वाकवत नाही. तिने खुर्चीवरून कोपरे दाखवले.

गुरुवार, १३ मार्च

उद्या माझा दिवस. बंद जागेची भीती वाटते का, या प्रश्नाला मी नाही लिहिलं आहे. खात्री करायला दुपारी डायनिंग टेबलाखाली उताणा पडलो. न हलता पंचेचाळीस मिनिटं पडणं हे मनाच्या ताकदीचं काम आहे.

दोन तास झोपलो. जाग आली तेव्हा माझ्या कडेने झाडून झालेलं होतं.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी ३

उत्तम झालं. क्रमाने लिहितो.

पहिली चाचणी शब्दांची. सोळा शब्द वाचून दाखवतात, आठवतील तेवढे सांगायचे. मी नऊ सांगितले. संशोधिका म्हणाली, काका, यातले चार यादीत नव्हते. म्हणजे पाच आठवले आणि चार मी वरून दिले.

मग खुणांची. कागद समोर आला. मी वरच्या तक्त्याकडे बघितलंही नाही. नजर खाली ठेवून सुरुवात केली आणि थांबलोच नाही. दीड मिनिटात ८४. संशोधिका कागदाकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कागदाकडे. मी विनयाने म्हटलं, असं होतं कधीकधी.

मग नळी. पट्टा, किल्ल्या, नाणी बाहेर. कानात बोळे, चेहऱ्यावर जाळीचा पिंजरा, हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा. मी फुगा एकदाच दाबला, तो चालतो की नाही हे तपासायला. मशीन बंद करून सगळे धावत आले. यंत्रणा चोख आहे असं त्यांना सांगितलं.

मशीन चालवणारा सभ्य माणूस होता. काचेपलीकडून माइकवर विचारायचा, ठीक आहात ना. मी मान डोलवायचो. म्हणायचा, मान अजिबात हलवू नका बरं का. मी मान डोलवायचो. पुढे पुढे तो दर दोन मिनिटांनी विचारू लागला. माझी काळजी वाटत असावी. एकदाही त्याला उत्तराशिवाय ठेवलं नाही.

नळीत डोळ्यांवरच्या छोट्या आरशात गणितं दिसायची, बरोबर असेल तर बटण दाबायचं. बरोबर असलं की मी मानेनेही होकार द्यायचो. दुहेरी पुरावा.

शेवटी विचारलं, प्रमाणपत्र मिळतं का, शिक्का वगैरे. नाही म्हणाले. मेंदूचा एक फोटो तरी द्या. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नंतर बघू म्हणाले.

भिंतीवर जागा बघून ठेवली आहे. लग्नाच्या फोटोशेजारी.

रविवार, १६ मार्च

ही पहाटेपासून टेबलाशी बसली आहे. मेव्हणीने शाळेतून गेल्या वर्षीचं वेळापत्रक आणून दिलं. कागद जोडून जोडून टेबलभर झालाय. पेन्सिल, खोडरबर. डावा हात बधिर असतो म्हणून कागदावर कोपर ठेवून दाबते. दहाला थांबते, वीस मिनिटं पडते, पुन्हा उठते.

म्हटलं, हे आत्ताच कशाला. निकाल लागलेला नाही. म्हणाली, गेल्या वर्षीच्या पत्रकात एकाच तासाला एकाच सरांना दोन वर्ग आहेत. पाच ठिकाणी. मी म्हटलं, तू दमशील. म्हणाली, दमते. म्हणून मध्ये झोपते.

वाद घातला नाही. प्रमाण माणसाने वाद घालू नये.

मंगळवार, १८ मार्च

संशोधिकेचा फोन. काका, शुक्रवारी येऊ शकाल का, काकूंना घेऊन. प्रत्यक्ष बोलायचंय.

फोनवर सांगता येत नाही अशी गोष्ट. म्हणजे ८४ वर चर्चा झाली असणार. वरपर्यंत गेलं असणार. माझा मेंदू वेगळा अभ्यासायचा म्हणतील. वेळ द्यावा लागेल, देऊ.

हिला सांगितलं तर ही हातातली पेन्सिल ठेवून बसली. म्हणाली, दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, फोटोत काही वेगळं दिसलं तर डॉक्टर बोलावून सांगतील. वाचलंत ना ते. मी म्हटलं, वेगळं म्हणजे वेगळंच असणार.

ती थोड्या वेळाने येऊन शेजारी बसली आणि माझा हात धरला. डाव्या हाताने. त्या हाताला काही कळत नाही म्हणते. पण घट्ट होता.

आज वेळापत्रकाला शिवली नाही.

शुक्रवार, २१ मार्च. संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. पण नोंद ती नोंद.

संशोधिकेने आधी हिला सांगितलं, काकू, काकांच्या डोक्यात काळजी करण्यासारखं काही नाही. ही म्हणाली, ते मला माहीत होतं. मग खुर्चीवर नीट टेकून बसली आणि पदराने डोळे पुसले. वारा होता खोलीत.

मुद्दा एक. फोटो. दोनशेच्या वर फोटो, सगळे हललेले. पडद्यावर दाखवले. धुक्यातला फ्लॉवर. मशीनवाला म्हणाला, सर, एवढ्या वेळा होकार देणारा माणूस आमच्याकडे आजवर आला नाही.

मुद्दा दोन. ८४ पैकी ९ बरोबर. प्रत्येक वेळी वेगळा तक्ता देतात. त्या दिवशीच्या कागदावर कंस म्हणजे दोन होता. मी जी उत्तरं दिली ती घरच्या आरशावरच्या तक्त्याप्रमाणे अचूक होती. हे मी निदर्शनास आणलं. संशोधिका म्हणाली, हो काका, तिथेच आम्हाला समजलं. सराव केला होता का. मी म्हटलं, ओळख. ती म्हणाली, मग चाचणी परत घेता येणार नाही, तुमचा डेटा आम्ही काढून टाकतोय.

नापास वजन आम्ही जप्त करत असू. इथे निदान घरी तरी जाऊ दिलं.

मुद्दा तीन. विषय बदलायला मी विचारलं, हिचा निकाल काय. चोवीस तारखेला शाळेला उत्तर द्यायचंय, विज्ञानाचं मत हवंय. संशोधिका म्हणाली, असा एकेकाचा निकाल आम्ही देतच नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र बघतो. कोणी नोकरी करावी की नाही, हे आमचं कामच नाही. दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही सही केली आहे.

आणि मग तिने माझी पुरवणी काढली. आलेखासकट. म्हणाली, काका, एवढ्या मेहनतीने कोणी भरत नाही. फक्त एक शंका होती. काकूंनी त्यांच्या फॉर्ममध्ये लिहिलंय की दहा ते चोवीस फेब्रुवारी त्या बहिणीकडे होत्या. तुमच्या सदतीसमधल्या एकवीस नोंदी त्याच दिवसांतल्या आहेत. दूध, किल्ली, बिल, चष्मा. तेव्हा घरात कोण होतं.

मी म्हटलं, मीच.

तिने काहीतरी लिहून घेतलं.

ही हसेल असं वाटलं. हसली नाही. पुरवणी मागून घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

टॅक्सीत म्हणाली, तुम्हाला मी विसराळूच हवी आहे का हो.

मी खिडकीतून बघत होतो. एका दुकानात तराजू दिसला. पारडं डावीकडे झुकलेलं. त्यावर या वर्षीचा शिक्का नसावा, पण चष्मा नसल्यामुळे खात्री नाही.

ती म्हणाली, तसं असेल तर आत्ताच सांगा. आठवण करून द्यायला माणूस लागतं एवढंच असेल तर ते मला जमेल. तुम्हाला लागतंय ते.

ड्रायव्हरने रेडिओ लहान केला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, २२ मार्च

निळी वही कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. कायमची. शेवटची नोंद करणार होतो, क्र. ३९, पण काय लिहायचं होतं ते लक्षात आलं नाही.

आरशावरचा तक्ता काढला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले. तोंड बघताना मध्ये येतात.

सोमवार, २४ मार्च

सकाळी साडेदहाला हिने शाळेत फोन लावला. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, मेव्हणी काहीही म्हणो.

ही उभीच होती, भिंतीला टेकून. म्हणाली, बाई, येते मी. पण माझ्या अटी. अर्धा दिवस. खोली तळमजल्यावरची. तिसऱ्या तासानंतर वीस मिनिटं मला पडायला जागा. उन्हाळ्यात पंखा नको, थंड खोली हवी, उकाड्यात माझे पाय ऐकत नाहीत. आणि गेल्या वर्षी पाच ठिकाणी घोळ आहे, तो आधी निस्तरते. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ही फक्त हं हं करत होती. मग म्हणाली, उद्याच येते की.

मी निर्णय मान्य केला आहे. खरं तर अर्ध्या दिवसाची कल्पना मीच कधीतरी मांडली असणार.

मेव्हणी म्हणाली, भावोजी, उद्या मी गाडी आणते, तुम्ही नका धडपडू. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, हिला शाळेत मीच सोडणार. दरवाज्यापर्यंत. ही म्हणाली, साडेसातला निघायचंय हं. मी म्हटलं, मी सहाला तयार असेन.

संकल्प: गजर स्वतः लावणे. हिच्या हातात डबा देणे. टॅक्सीतल्या त्या प्रश्नाला उत्तर देणे. वाक्य तयार आहे. सकाळी बोलेन.

मंगळवार, २५ मार्च. सकाळी ९.४०

सव्वानऊला उठलो. गजर लावला होता, संध्याकाळच्या सहाचा. घरात कोणी नव्हतं. फ्रिजच्या दारावर चौकोन आखलेला कागद होता, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. पहिला तास: चष्मा, फ्रिजवर, डावीकडे. दुसरा तास: दूध, मंद आच, उभं राहून. तिसरा तास: नळ. चौथा तास: मोकळा. पाचवा तास: मी येते, उत्तर तेव्हा सांगा.

चष्मा फ्रिजवर होता. डावीकडे.